ऑनलाइन दुकानाच्या पडद्यामागचं करिअर

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : कॉम्प्युटरला घातलं तर नोकरी मिळेल का, की सगळं एआयच करणार? पालकांची ही धास्ती अनाठायी नाही. नुसती वेबसाइट बनवता येणाऱ्यांची आज गर्दी आहे. पण ऑनलाइन खरेदीचा डोलारा ज्या सॉफ्टवेअरवर उभा असतो, ते सांभाळायला पाया पक्का असलेली मुलं लागतात.

काम नेमकं काय?

येवल्याच्या एखाद्या विणकराकडे एकच पैठणी उरली आहे. पुण्याची एक आणि नागपूरची एक ग्राहक एकाच क्षणी खरेदीचं बटण दाबतात. साडी दोघींनाही विकली गेली तर एकीचा हिरमोड ठरलेला. म्हणून डेटाबेसमधली साठ्याची ती नोंद क्षणभर अडवून धरावी लागते. पहिलीची ऑर्डर नोंदली गेली की दुसरीला ‘साठा संपला’ दिसतं. पैसे भरताना रेंज गेली आणि ग्राहकानं पुन्हा बटण दाबलं, तरी रक्कम एकदाच कापली जायला हवी. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसऱ्यांदा पैसे घेत नाही.

मालाची यादी, किंमत, साठा, पेमेंट, पार्सल, परतावा ही कामं हल्ली वेगवेगळ्या सेवांमध्ये विभागतात आणि एपीआयनं, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीनं, जोडतात. त्यामुळे पेमेंटची पद्धत बदलायची असेल तर अख्खं दुकान नव्यानं बांधावं लागत नाही. भारतात डिसेंबर 2021मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन व्यापार-जाळ्यानं हेच तत्त्व बाजारपेठेला लावलं : ग्राहकाचं ॲप एका कंपनीचं, विक्रेत्याचं दुसरीचं, तरीही व्यवहार होतो.

वाट कोणती?

बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन इंजिनीअरिंग, किंवा बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. बीसीएसाठीही राज्यात 2024पासून सीईटी सुरू झाली आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शाखा कोणतीही असो, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटा स्ट्रक्चर हे विषय जीव ओतून शिका. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर यांचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगणाऱ्या क्लाससाठी कर्ज काढू नका.

सोबत एक भाषा पक्की करा. पायथन येत असेल तर सेलिओर, जावास्क्रिप्ट येत असेल तर मेडुसा हे ऑनलाइन दुकानाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहा. त्यात परताव्याची एखादी नवी सोय लिहा, ती मुद्दाम बिघडवा, दुरुस्त करा आणि गिटहबवर ठेवा. मुलाखतीत अशा कामावर मनापासून बोलता येतं.

एआय आलं, मग?

कोड लिहायला एआय मदत करेलच. पण पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदलीच गेली नाही, तेव्हा चूक कुठे झाली हे हुडकून तिची जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते.

पालकांनो, पगाराचे आकडे पाहण्याआधी मुलाचा स्वभाव पाहा. बिघडलेली गोष्ट सुटेपर्यंत तो तिच्यामागे लागतो का? लागत असेल तर त्याला या वाटेवर निर्धास्त पाठवा. त्याला या कामाचा कंटाळा असेल, तर शेजारच्या मुलाचं पॅकेज ऐकून त्याला इथे ढकलू नका.