वसईच्या किल्ल्यांतील शाळा व तिचा एक विद्यार्थी

वसईचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यांस तेथें छपरें नसलेलीं ख्रिस्तमंदिरें दिसतात. भिंती उभ्या आहेत, घंटा नाहींत. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं ती जिंकल्यावर येथील घंटा विजयचिन्हें म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांतील घंटा त्यांपैकींच होय.

याच किल्ल्यांत येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं गोन्सालो गार्सिया नांवाचा मुलगा शिकला. त्याचा पिता पोर्तुगीज, माता येथलीच. पुढें तो त्यांच्यासह जपानास गेला व तेथील भाषा उत्तम शिकला. येशूसंघानें त्यास संघाचा सभासद करून घेतलें नाहीं. परंतु शिकलेली भाषा वायां गेली नाहीं. फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून राहिलेला हाच वसईकर १५९३ सालीं मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा दुभाषी झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यास क्रुसावर मरण आलें. १८६२ सालीं त्यास संतपद मिळालें.

किल्ल्यांतील मंदिरें ओस पडलीं, तरी भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती समाज टिकला. त्याची प्रार्थना आज मराठींत होते, आणि १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

विद्यार्थीमित्रहो, शाळेच्या भिंती पडूं शकतात. तेथें मन लावून घेतलेली विद्या मनुष्याबरोबर समुद्रापलीकडेही जाते. पालकांनींही शाळेची पारख करितांना इमारतीपेक्षां तिच्या विद्यार्थ्यांकडे पाहावें.