डबक्यात कोण राहणार?

गेल्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी घेऊन मी आंबोलीच्या सड्यावर गेलो होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पहिल्या सरींनी त्यातले खळगे भरतात आणि पाऊस सरल्यावर काही आठवड्यांत आटून जातात. एका खळग्यातले पाणी आम्ही चहाच्या गाळणीने गाळले, तेव्हा पोट वर करून पोहणारे, जवळजवळ पारदर्शक असे जीव बरणीत आले. हे स्ट्रेप्टोसेफॅलस, कोळंबीचे दूरचे नातलग. सह्याद्रीतल्या त्यांच्या एका जातीला २०१४ साली सह्याद्रीचेच नाव देण्यात आले आहे.

आम्ही ते पाहत असतानाच एका विद्यार्थ्याने दप्तरातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात घरच्या हौदातले सात-आठ गप्पी मासे होते. "सर, डास होतील इथे. सोडू का?" हेतू चांगला होता. तरीही मी नको म्हणालो. का, ते तेथे पावसात नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

डोंगरावरच्या पाण्यात कोण राहणार हे थंडी, आम्लता, क्षार, पाणवनस्पती अशा अनेक गोष्टींवर ठरते. परंतु माझ्या मते दोन प्रश्न आधी विचारावेत: पाणी किती दिवस टिकते, आणि त्यात मासा आहे का? आटणाऱ्या खळग्यात मासा तग धरत नाही. म्हणूनच तेथे स्ट्रेप्टोसेफॅलससारख्या, मंद पोहणाऱ्या आणि लपणे न जाणणाऱ्या प्राण्याचे निभावते. काही आठवड्यांत तो वाढतो, अंडी घालतो आणि मरतो. अंडी कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहतात. काही तर अनेक वर्षे थांबतात. पाणी अधिक टिकले तर चतुराच्या माद्या आणि पाठीवर पोहणारे नोटोनेक्टा उडत येऊन वस्ती करतात, आणि ते डासांच्या अळ्याही खातात.

माशाने काय होते, याचा धडा कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात मिळतो. हिमनद्यांनी कोरलेल्या तेथील उंचावरच्या बहुतेक सर्व सरोवरांत मासे नव्हते, कारण वाटेतले धबधबे त्यांना चढता येत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माणसांनी ट्राउट तेथे नेले. प्रथम खेचरांच्या पाठीवरून, पुढे तर विमानातून पिले टाकून! परिणामी मेफ्लायची पिले, पाणकिडे, मोठे डॅफ्निया आणि लालसर, टपोरे कोपेपोड नाहीसे झाले. चिखलात दडणाऱ्या अळ्या व अगदी बारीक प्लवक मागे उरले. मासा डोळ्यांनी शिकार करतो. जे मोठे दिसते ते आधी जाते. १९६५ साली ब्रूक्स आणि डॉडसन यांनी कनेक्टिकटच्या तळ्यांतल्या प्लवकांवरून हेच दाखवले होते.

मासे गेल्यावर काय झाले, हे मला अधिक मोलाचे वाटते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९१ साली मासे सोडणे बंद झाले. सिएरातील ज्या सरोवरांतले मासे संपले, तेथे कीटक दहा-वीस वर्षांत बहुतांशी परतले, कारण त्यांना पंख आहेत. टपोऱ्या कोपेपोडला पंख नाहीत. तळाच्या गाळातली जुनी अंडी हीच त्याची शिल्लक. मासे फार काळ राहिले तेथे ती शिल्लकच संपली, आणि तो परतला नाही.

आता आमच्या सड्याकडे येऊ. तेथले गप्पी खळगा आटताच मेले असते, हे खरे. पण त्याआधी त्यांनी त्या वर्षीची पिले अंडी घालण्याआधीच खाल्ली असती. एक वर्ष मातीतली शिल्लक सावरून घेते. दरसाल कोणी पिशवी घेऊन आला तर कोठून सावरणार? घराजवळच्या हौदात, सिमेंटच्या टाकीत गप्पी जरूर सोडावेत, माझी हरकत नाही.

ते सात-आठ मासे त्या विद्यार्थ्याने परत नेले. बसमध्ये पिशवी थोडी गळली, एवढेच.