विमा गाडीचा की माणसाचा?

प्रश्न : माझं वय 49, चाकणला एका कंपनीत नोकरी. कॉलेजात असताना खोलीच्या भिंतीवर पोर्शचं पोस्टर होतं; आता जुनी पोर्श केमन घ्यावी म्हणतो. रोजच्यासाठी घरात दुसरी गाडी आहे. ही फक्त रविवारी पहाटे, ताम्हिणी नाहीतर लोणावळा. दोन गाड्या पाहिल्या, दोन्ही 2012 च्या, चाळीसेक हजार किलोमीटर झालेल्या. एक एमएच पासिंग, 33 लाख. दुसरी हरियाणा पासिंग, 25 लाख. मी दुसरीकडे झुकलोय, कारण वाचलेल्या आठ लाखांत मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचा बराच भाग निघतो. डीलर म्हणतो, नाव चढवायची घाई नको, मालकाच्या सह्यांचे फॉर्म त्याच्याकडे तयार आहेत. विमाही अजून सात महिने चालू आहे, आणि ‘विमा गाडीचा असतो, माणसाचा नाही’. माझे प्रश्न असे : पैशांसाठी एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं? आणि अशा गाडीला पुढे भाव येतो म्हणतात, तर ही गुंतवणूक समजावी का?
(नाव प्रसिद्ध करू नये. पुणे)

उत्तर : हौसेसाठी पर्सनल लोन काढू नये. आणि ही गुंतवणूक नाही. तुम्ही विचारलेलं एवढंच होतं, ते संपलं.

मी अडलो ते डीलरच्या वाक्यावर, कारण ते अर्धं खरं आहे. समोरच्या माणसाला झालेल्या इजेचा, म्हणजे थर्ड पार्टीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम 157 तेच सांगतं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हा कंपनी आणि पॉलिसीवरचं नाव या दोघांमधला करार. तो आपोआप तुमच्याकडे येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच सांगून ठेवलंय. खरेदीपासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही, आणि ताम्हिणीच्या वळणावर एखाद्या रविवारी गाडी कठड्याला लागली, तर हिशेब असा : पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याची गाडी राहिलेली नाही, आणि ज्याची गाडी आहे त्याच्या नावावर पॉलिसी नाही. दोघांपैकी कुणालाच पैसे मिळत नाहीत.

माझ्याकडे नाशिकचे एक डॉक्टर आले होते. अशीच दोन दारांची जर्मन गाडी, अशीच परराज्याची, असेच सह्या केलेले कोरे फॉर्म. एक्स्प्रेसवेवर पावसात गाडी घसरून दुभाजकावर गेली. सुदैवाने माणसं वाचली. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला, म्हणजे टोटल लॉस. विमा कंपनीच्या पत्रात दोनच ओळी होत्या. डॉक्टरांनी डीलरला फोन लावला, डीलरने दिल्लीच्या डीलरला, त्याने आणखी कुणाला. ज्याच्या नावावर आरसी होती तो माणूस त्या साखळीत कुणी पाहिलेलाच नव्हता. ग्राहक मंचात जाऊ का, असं त्यांनी विचारलं. ‘कुणाविरुद्ध?’ एवढंच मी विचारू शकलो. जुन्या मालकाला मिळालेला नो क्लेम बोनस अजून त्याच पॉलिसीत लागू होता, हे नंतर कळलं. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणजे डीलरचं वाक्य बोनसच्या बाबतीत तर साफ उलटं.

घाई नको, असं डीलर का म्हणतो? कारण नाव चढवायला गेलात की आठ लाखांचं गणित उघडं पडतं. महाराष्ट्रात आयात केलेल्या मोटारीवर एकरकमी कर 20 टक्के आहे, आणि परराज्यातून आलेल्या गाडीचा कर तुम्ही मोजलेल्या 25 लाखांवर नाही, तर गाडीच्या मूळ किमतीवरून काढतात. ती किंमत तुमच्या 25 लाखांच्या दुपटीच्या पुढे असणार. वयाप्रमाणे त्यात घट मिळते, पण नेमकी किती, हे मूळ इनव्हॉइसची प्रत घेऊन पुण्याच्या आरटीओत विचारा. डीलरला विचारू नका. हरियाणाच्या करातून काही परत मिळेलही, पण त्या भरवशावर मुलीची फी ठरवू नका.

गाडी स्वस्त असण्याचं दुसरंही कारण आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टांगती तलवार असते. 2012 ची गाडी 2027 मध्ये पंधरा वर्षांची होते, म्हणून तिकडचे मालक आधीच हात मोकळे करून घेतात. इथेही त्याच वर्षी नोंदणीचं नूतनीकरण येणारच. आयात केलेल्या मोटारीला त्याची फी 40 हजार, वर तपासणी आणि पर्यावरण कर. हे मात्र 33 लाखांच्या गाडीलाही लागू आहे. दोन्हींच्या आरसीवर पहिल्या नोंदणीची नेमकी तारीख बघून घ्या.

‘वर्षभर हरियाणाच्याच नंबरवर चालवेन’ असं मनात असेल, तर ऐका. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपर्यंत त्या नंबरवर ठेवता येते, हे खरं. पण ती सवलत नंबर प्लेटपुरती आहे. मालकी बदलली की खरेदीदाराने तीस दिवसांत कळवायचं, हे कलम 50 वेगळं आहे. या दोन मुदतींची गल्लत करून लोक वर्षभर निर्धास्त फिरतात.

आणि एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूने पाहा. अपघातात कुणी गेलं किंवा जायबंदी झालं, तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या माणसाची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे कोऱ्या फॉर्म 29-30 वर सही करून मोकळा झालेला मालक कायद्याने मोकळा नसतो. ज्याला हे ठाऊक आहे तो नाव बदलण्यासाठी तुमच्या मागे लागेल. जो लागत नाही, त्याला एकतर हे कळलेलं नाही, किंवा तो या व्यवहारात उरलेलाच नाही.

आता आठ लाखांबद्दल. तुम्ही ते मुलीच्या फीच्या शेजारी मांडलेत, तेव्हाच मला पत्राचा अर्थ लागला. तुम्हाला गाडीची भीती नाही, घरी तोंड दाखवायची आहे. स्वस्त गाडी घेतली की आपण अगदीच बेजबाबदार नाही, असं वाटतं. ती परवानगी मी देऊ शकत नाही. घरी विचारा, आणि विचारताना 33 लाखांचा आकडा सांगा, शिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळे तीन-चार लाख. एवढं सांगून होकार मिळाला, तर एफडी मोडा. आकडा ओठावर येत नसेल, तर त्यातच उत्तर आहे.

गाडीविषयी थोडंसं. 2009 पासूनच्या केमनच्या इंजिनात जुन्या पोर्शना बदनाम करणारं ते आयएमएस बेअरिंग नाही, तेव्हा त्या धास्तीने कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. अधिकृत वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमधला ओव्हर-रेव्हचा अहवाल छापून मागा. कुणी चुकीच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवलं असेल, तर ते कितव्या तासाला, हे तिथे नोंदलेलं असतं. पीडीके गिअरबॉक्स असेल तर त्याचं तेल कधी बदललं याची पावती बघा. टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी छान असली तरी सहा-सात वर्षांचे टायर घाटात नकोत. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीची बॅटरी बसते, म्हणून पार्किंगमध्ये छोटा चार्जर जोडायची सोय करा. आणि पुण्यात उंदीर वायरी खातात. हसू नका, मी बिलं पाहिली आहेत.

एमएच गाडीही डोळे झाकून घेऊ नका. एमपरिवहनवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि विम्याची तारीख पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते भिंतीवर लावलंय का, तेही बघा.

मग डीलरला सांगा, आरसीवरच्या मालकाशी बोलायचंय. तो म्हणेल, साहेब परदेशात आहेत. साहेब परत आले की फोन करा, म्हणावं, आणि तोवर टोकन देऊ नका.