डिझेल दहा रुपयांनी वाढलं, तर एकरी धान कितीला पडेल?

डिझेल वाढलं की भंडारा-गोंदियाकडे सगळ्यात आधी वाढतो तो ट्रॅक्टरचा तासाचा दर. पुढे डिझेल उतरलं तरी तो सहसा उतरत नाही. म्हणून दर ठरवायच्या आधी हिशेब रुपयांत न करता लिटरमध्ये करा.

चिखलणीत मध्यम ट्रॅक्टर तासाला साधारण ४ ते ५ लिटर डिझेल पितो. लिटरमागे १० रुपये वाढले, तर मालकाचा खर्च तासाला ४०-५० रुपयांनीच वाढतो. त्याने २०० वाढवून मागितले, तर बाकीचे १५० कशाचे, हे विचारा. चालकाची मजुरी, सुटे भाग, हप्ता ही कारणं खरी असू शकतात, पण ती डिझेलच्या नावावर खपू देऊ नका. बांध्या लहान असतील तर एकरावर बोली करा. तासाच्या बोलीत प्रत्येक वळणाचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

नांगरणीपासून मळणी-वाहतुकीपर्यंत एकरी २५ लिटर धरले, तर या वाढीचा बोजा २५० रुपये. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे एकरामागे जेमतेम साडेदहा किलो धान गेलं. सोसता येईल असं हे ओझं आहे.

खरा फटका उन्हाळी धानाला, तोही डिझेल पंपावर. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे लिटरभर डिझेल घेतो. एका पाळीला सहा तास आणि अशा वीस पाळ्या धरा: १२० लिटर झाले. आता तीच दहा रुपयांची वाढ १,२०० रुपयांची होते, म्हणजे अर्धा क्विंटल धान! जमीन मुरमाड असेल तर आणखी जास्त. डिझेल पंपाच्या भरवशावर उन्हाळी धान लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पाण्यात हरभरा किंवा जवस निघतं. धानच घ्यायचं असेल, तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करा. त्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे.

चिखलणी वाचते म्हणून रोवणीऐवजी आवत्या (थेट बियाणं फेकून पेरणी) टाकायचा मोह होतो. पण तण माजलं, तर वाचलेलं डिझेल निंदणीच्या मजुरीत जातं. तणाचा बंदोबस्त आधीच ठरला असेल, तरच त्या वाटेला जा.

खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. परत आलेल्या ट्रॉलीचं भाडं दोनदा भरावं लागतं, तेव्हा धान नीट वाळवा, ओलावा तपासा, शेजाऱ्याशी ट्रॉली वाटून घ्या आणि मगच ती केंद्राकडे काढा.