कोपी मोडली तरी दाणे उरावेत
(संगणकातील कंटेनर व सामायिक फोल्डर : एक परिचय)

— द्वितीय वर्ष, कला

‘कंटेनर’ म्हटले की नगर-पुणे रस्त्यावरचा लांबलचक मालट्रक डोळ्यांपुढे येतो. प्रस्तुत लेखातील कंटेनर मात्र संगणकाच्या आत असतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. या विषयाचा अधिकारी नव्हे. तथापि एका चुकीने मला जो धडा दिला, तो विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

कोणताही प्रोग्रॅम चालण्यास काही साहित्य लागते. ते सारे त्याच्यासह एका बंदिस्त जागेत ठेवणे म्हणजे कंटेनर. २०१३ साली ‘डॉकर’ हे साधन खुले झाले आणि ही पद्धत रूढ झाली. ज्या संगणकावर कंटेनर चालतो, त्यास आपण यजमान म्हणू. कंटेनरचे फोल्डर वेगळे असतात. यजमानाचे फोल्डर त्याला आपोआप दिसत नाहीत.

आमच्या पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांना हे समजणे अवघड नाही. कारखान्यावर बांबू-ताडपत्रीची कोपी उभी राहते आणि पट्टा पडला की मोडली जाते. आत विसरलेली वस्तू तिच्याबरोबर गेली. कंटेनर नुसता थांबवला तर आतील लेखन टिकते. काढून टाकला की तेही जाते.

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी आईच्या जात्यावरच्या सत्तावीस ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या होत्या. दसऱ्यानंतर आईवडील कारखान्यावर गेले. विज्ञान शाखेतील एका मित्राच्या संगणकावर ‘व्हिस्पर’ हा बोलणे लिहून काढणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये होता. मी मुद्रणे त्यात ठेवली, कच्चा मजकूर तीन रात्री बसून सुधारला आणि मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून मूळ मुद्रणे पुसली. पुढे काही अडले, तेव्हा नव्याने सुरुवात करावी म्हणून मी कंटेनरच काढून टाकला. आवाज गेला, अक्षरेही गेली. दोष डॉकरचा नव्हे, माझा.

यावर उपाय साधा आहे. कंटेनर सुरू करतानाच्या आज्ञेत ‘-व्ही’ हा पर्याय लिहावा. त्यापुढे यजमानावरील फोल्डरचा पूर्ण पत्ता, मग विसर्गासारखी दोन टिंबे आणि शेवटी कंटेनरमधील पत्ता द्यावा. आता प्रोग्रॅम आत जे लिहील ते यजमानाच्या फोल्डरमध्येच उमटते आणि कंटेनर गेला तरी राहते.

मात्र चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही नक्कल नव्हे. एकाच खोलीला दोन दारे आहेत. आतून पुसले की बाहेरचेही पुसले जाते. म्हणून मूळ मुद्रणांचा फोल्डर वेगळा जोडावा व शेवटी पुन्हा दोन टिंबे देऊन ‘आरओ’ लिहावे. मग आतून फक्त वाचता येते. दुसरी, आतील ज्या फोल्डरवर आपला फोल्डर जोडू, त्यातील आधीच्या फायली झाकल्या जातात. तिसरी, लिनक्सवर आतील प्रोग्रॅम बहुधा ‘रूट’ या मुख्य वापरकर्त्याच्या नावे लिहितो. मग त्या फायली आपल्यालाच बदलता येत नाहीत. अशा वेळी आज्ञेत आपला वापरकर्ता क्रमांक द्यावा. चौथी, डॉकर स्वतः सांभाळतो असे ‘व्हॉल्यूम’ही असतात. ते कंटेनरनंतर टिकतात. परंतु जी फाईल आपल्या हातांनी उघडायची, तिला साधा फोल्डरच सोयीचा.

आणि सामायिक फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. संगणकच बिघडला तर दोन्ही दारे बंद! एक प्रत पेनड्राइव्हवर असावीच.

पट्टा पडल्यावर आई परतली. मी चूक सांगितली. ती रागावली नाही, जात्याजवळ बसली आणि म्हणाली, “आठवतील तेवढ्या सांगते.” अठरा आठवल्या. त्या आता दोन ठिकाणी आहेत. उरलेल्या नऊ कोणत्या, हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही.