गोठित रेताचे रक्षण आणि प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जमिनी कारखान्यांकडे गेल्या, गायराने आटली आणि गावचा वळू सांभाळणे अवघड झाले. ज्याच्या दावणीला दोन-तीनच दुभती जनावरे आहेत, त्याची गाय रेतनाने फळली नाही, तर पुढील माजापर्यंत सुमारे २१ दिवसांचा चारा व पेंड अंगावर पडते. म्हणून साठविलेले रेत सशक्त कसे राहते, हे पशुपालकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

रेत का बिघडते?

शुक्राणूच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. उघडे राहिलेले तेल प्राणवायूने खवट होते, तशीच क्रिया या आवरणात घडते. रेत पातळ करताना त्यातील नैसर्गिक संरक्षक द्रव्ये विरळ होतात. गोठविताना व वितळविताना आवरणास इजा पोहोचते. मेलेल्या शुक्राणूंपासून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होऊन जिवंत शुक्राणूंसही बाधते. परिणामी त्यांची गती मंदावते व फलनशक्ती घटते. रेड्याचे रेत या बाबतीत वळूच्या रेतापेक्षा अधिक नाजूक असते.

प्रत्येक शत्रूस वेगळा पहारेकरी

थंडीच्या धक्क्यापासून अंड्याचा बलक रक्षण करतो. गोठण्यापासून ग्लिसरॉल वाचविते. हा शोध १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी प्रसिद्ध केला. जंतूंसाठी पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन वापरतात. पेनिसिलिन या परिसरास नवे नाही. १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात ते तयार होऊ लागले. प्राणवायूच्या उपद्रवासाठी ई व क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, सिस्टीन यांसारखी प्रतिऑक्सिडीकारके अल्प प्रमाणात मिसळून पाहिली जातात.

मात्र येथे ‘अधिक तितके चांगले’ हा न्याय लागू नाही. फलनाची तयारी होण्यासाठी शुक्राणूस थोड्या ऑक्सिडीकरणाची गरज असते; मात्रा वाढली तर अपायच होतो. शिवाय प्रयोगशाळेत गती वाढलेली दिसली, म्हणून गाभण राहण्याचे प्रमाण वाढेलच असे नाही. हे काम प्रयोगशाळेचेच आहे. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या बाएफ संस्थेने गोठित रेताचे कार्य दीर्घकाळ चालविले आहे.

गोठ्यातील काळजी

उत्तम द्रव्ये घातलेले रेतही पुढील हयगयीने वाया जाते :

१. रेताची कांडी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सदैव बुडालेली असावी.

२. कांडी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद वितळवावी, पुसून कोरडी करावी व लगेच वापरावी. तंत्रज्ञ येण्यापूर्वी कोमट पाणी तयार ठेवावे. उष्णता तापमापीनेच पाहावी.

३. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. स्वच्छ, चिकट सोट दिसतो का, हे पहाटे व रात्री पाहावे.

४. रेतनाची तारीख व वळूचा क्रमांक लिहून ठेवावा. १८ ते २४ दिवसांत पुन्हा माज दिसतो का, याकडे लक्ष द्यावे. न दिसल्यासही तीन महिन्यांच्या आत गाभण तपासणी करून घ्यावी.

रेत सशक्त ठेवणे हे प्रयोगशाळेचे काम. माज वेळीच ओळखणे हे पशुपालकाचे. यांपैकी एकही हात ढिला पडला, तर दुसऱ्याचे श्रम फुकट जातात, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.