शाप नव्हे, आजार



हन्ना मुलासाठी मंदिरात रडत होती, तेव्हा एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. याजकाचीही अशी चूक होते. मिस्सा संपल्यावर आपणही सहज विचारतो, ‘गोड बातमी कधी?’ दर महिन्याला निराश होणाऱ्या सुनेला तो प्रश्न किती बोचतो!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, मूल होण्याच्या वयातील १०० स्त्रियांपैकी ८ ते १३ जणींना पीसीओएस असतो. संप्रेरकांचा तोल बिघडतो, स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते. हा शाप नव्हे, पापाची शिक्षाही नव्हे. नियमित चालणे, जास्त असलेले वजन थोडे कमी करणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेणे, एवढ्याने अनेकींना दिवस जातात.

ख्रिस्तसभेला हे उपचार मान्य आहेत का? होय. १९८७ च्या ‘दोनुम विते’ या पत्रकानुसार पतिपत्नीच्या मीलनाला साहाय्य करणारे उपचार योग्य आहेत. त्या मीलनाची जागा घेणारी टेस्ट ट्यूब पद्धत मात्र योग्य नाही. मूल हा आपला हक्क नव्हे, ती देवाची देणगी आहे.

म्हणून शिरगावच्या माझ्या कुटुंबांनो, अंगारे-धागे नकोत. पतिपत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. दोष एकटीच्या माथी मारू नये. सासूबाईंनी तिला जवळ घ्यावे. मूल झाले नाही, तरीही ते दोघे देवाच्या दृष्टीने पूर्ण कुटुंबच आहेत.

आपला,
धर्मगुरू